दशमुखाचे ओझे

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला संग्रामपूर वसले आहे. या गावात एक वृद्ध सुतार राहत असत. नांगर, वखर, दारे, चौकटी यांतच त्यांचा जन्म गेला. परंतु शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की त्यांच्या ओसरीवर गदा, धनुष्ये आणि मुकुट यांची गर्दी होई. लहानथोर सारे त्यांना बाबा म्हणत.

बाबांची मान उजवीकडे पुरती वळत नसे. तरुणपणी लाकडी मुखवटा बांधून ते मारुतीचे सोंग घेत. “मुखवटा उतरला, ओझं मात्र उतरलं नाही,” असे ते हसून सांगत. असे असूनही त्यांच्या हातून एक चूक घडलीच. एका वर्षी त्यांनी रावणाची नऊ शिरे जाड फळीवर कोरून दिली. रावणाचे काम करणारा मुलगा सातवीतला, अंगाने किरकोळ, पण आवाजाने खणखणीत होता. फळी घसरू नये म्हणून हनुवटीखालून पट्टा आवळला गेला. त्यामुळे रंगमंचावर आल्यावर त्याला जबडाच उघडता येईना. रावण पुटपुटू लागला, मागच्या रांगा हसू लागल्या आणि दोन्ही हातांनी आपली शिरे सावरीत लंकाधिपती आत निघून गेला. त्या दिवसापासून मुलाने नाटकाचे नाव टाकले.

लोक मुलाला हसले होते. चूक कोणाची, हे बाबांना ठाऊक होते. पुढल्या वर्षी नाटक ठरताच ते आपण होऊन त्याच्या घरी गेले. “ओझ्याचं मी पायतो, तू फक्त बोल,” एवढेच म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ओसरीवर येऊन बसला.

आता हलके काय शोधावे? बाबांचा नातू अंगणात ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी ओढीत होता. बाबांनी एक धांडा सोलला आणि आतील पांढरा गर चिमटीत दाबून पाहिला. त्या गरात पदार्थ थोडा आणि पोकळीच अधिक. लग्नातील बाशिंगे ज्या भेंडाची करीत, त्याच्या हलकेपणाचे रहस्यही हेच. धांड्याच्या एवढ्याशा गरातून शिर काही घडले नसते. परंतु वाट सापडली. बाजारातील दुकानामागे शीतकपाटांच्या खोक्यांतून निघालेल्या थर्माकोलचा ढीग पडला होता. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सारी हवाच. एक घनफूट सागवान अठरा किलोच्या आसपास भरते, तर तेवढाच थर्माकोल सुमारे अर्धा किलो! एकदा वापरून फेकावयाच्या थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्र शासनाने 2018 साली बंदी घातली, ती तो मातीत कुजत नाही म्हणून. बाबांनी नवा तुकडा विकत घेतला नाही. कचऱ्यात जाणारे तुकडेच घरी आणले.

पहिले शिर धारदार सुरीने सुरेख कोरले गेले. बाबांनी दारांसाठी आणलेला तेलरंग पातळ करून मोठ्या हौसेने त्यावर लावला आणि पाहता पाहता रावणाचे नाक वितळून गालात गेले! रंग पातळ करण्याच्या द्रवात थर्माकोल विरघळतो, हे त्या सुताराला कोणी सांगितले नव्हते. रामाच्या बाणाआधीच रावणाचे एक शिर गेले. मुलगा खो खो हसला. गेल्या संमेलनानंतर तो प्रथमच असा हसला होता, म्हणून बाबांना त्या शिराचे दुःख झाले नाही.

मग त्यांनी जुनी रीत धरली. प्रत्येक शिरावर गव्हाच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन थर चढवले, ते उन्हात वाळवले आणि वर पाण्यात कालवलेले रंग दिले. कागदाची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात बोहाडा नावाचा उत्सव होतो. त्यात देवदैत्यांचे मुखवटे घालून माणसे सांबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. तेथे लाकडी मुखवट्यांबरोबर कागदाच्या लगद्याचे मुखवटेही करतात. दूर केरळात कथकलीचे मोठाले किरीट कोरण्यासाठी शिवणीसारखे हलके लाकूड निवडतात. नाचणाऱ्याच्या मानेची काळजी सर्वत्र सारखीच.

वजन तर उतरले. एक शिर ऐंशी ग्रॅमचे झाले. परंतु नवीच अडचण निघाली. मुलाचे स्वतःचे मस्तक मधोमध; उरली नऊ. नऊचे दोन सारखे भाग व्हावेत कसे? उजवीकडे पाच आणि डावीकडे चार शिरे बांबूच्या चिपेवर बसवताच सारा साज उजवीकडे कलंडला. बाबांनी चीप मध्यावर दोरीने टांगली आणि मुलाला हिशेब मांडावयास सांगितला. शिरे सारख्या अंतरावर होती. जे शिर दूर, त्याचा भार तितक्या पटीने अधिक. डावीकडे एक, दोन, तीन, चार मिळून दहा. उजवीकडे पाच धरून पंधरा. फरक पाचाचा, म्हणजे ऐंशी गुणिले पाच, चारशे. तो फेडावयाचा डावीकडच्या चौथ्या शिरापाशी. तेव्हा चारशेला चाराने भागले, शंभर ग्रॅम आले. बाबांनी शंभर ग्रॅमचे एक जुने पितळी माप काढले, त्यावर सोनेरी कागद गुंडाळला आणि चौथ्या शिराच्या कानात त्याचे कुंडल लटकावले. चीप हळूहळू सरळ झाली.

हनुवटीचा पट्टा त्यांनी साफ काढून टाकला. मुलाच्या डोक्याला मऊ फडके घट्ट बांधून त्यावर साज मागच्या बाजूने आवळला. आतून गादीतला फोम लावला आणि घाम वाळावा म्हणून त्याला भोके पाडली.

“कसं वाटते?”

“बाबा, डोक्यावर काही हाय असं वाटतच नाही!”

संमेलनाच्या रात्री एक गोष्ट सर्वांच्या ध्यानातून निसटलेली आढळली. साज हातभरापेक्षा कितीतरी रुंद, आणि रंगमंचाचे दार अरुंद! गुरुजींचा चेहरा उतरला. मुलगा क्षणभर थांबला, मग आडवा वळला आणि खांदा पुढे करून सावकाश सरकू लागला. पडद्याच्या कडेतून एक शिर बाहेर आले. मग दुसरे, मग तिसरे. पुढे बसलेली पोरे मोठ्याने मोजू लागली. पाचानंतर मुलाचे स्वतःचे मुख दिसले आणि ते इतके गंभीर होते की मोजणे एकदम थांबले. उरलेली चार शिरे शांततेतच आली. शेवटी पितळी कुंडल दिव्यात चमकले.

मुलाने मान ताठ केली, सारी सभा डावीकडून उजवीकडे न्याहाळली आणि रावणाचे ते प्रचंड हास्य केले. ते पटांगणाच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेले. तेथे, शेवटच्या रांगेमागे खांबाला टेकून बाबा उभे होते. रावण मान वळवी, तशी तेही आपली मान वळवू पाहत होते.