रद्दीचे कपटे

दिवाळीची साफसफाई निघाली की प्रत्येक घरात दोन पक्ष पडतात. एक टाकणाऱ्यांचा, दुसरा ठेवणाऱ्यांचा. मी जन्मापासून दुसऱ्या पक्षाचा सभासद. मराठी शिकवणारी माणसे बहुधा याच पक्षात सापडतात. कागदाच्या एखाद्या चिटोऱ्यावर उद्या कोणाचा तरी प्रबंध उभा राहील, अशी आमची भाबडी समजूत असते. त्यामुळे आपल्या शरीरातल्या पेशीपेशीत फाडाफाडीचे काम अहोरात्र चालू असते आणि आपला जीव त्या फाडाफाडीवर अवलंबून आहे, हे कळले तेव्हा मला जरा धक्काच बसला. कळण्याचे निमित्त मात्र सुखाचे नव्हते.

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, गेल्या वर्षी मायलोमा निघाला. हा हाडांच्या मगजातल्या पेशींचा कर्करोग. डॉक्टरांनी बोर्टेझोमिब नावाचे इंजेक्शन सुरू केले आणि त्याच्या जोडीला असायक्लोव्हिरच्या गोळ्या लिहून दिल्या.

"या कशाला?" अक्काने विचारले.

"नागीण उठू नये म्हणून."

अक्काचा चेहरा उतरला. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस जातो, हे आजीने आम्हांला कुजबुजत सांगितले होते. ती समजूत खोटी आहे हे अक्कालाही ठाऊक आहे. पण लहानपणी कानांत पडलेले शब्द असे थोडेच निघून जातात! राहून राहून मला कोडे पडले, की कर्करोगाच्या औषधाचा आणि नागिणीचा संबंध काय? आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी दोन कप चहा थंड करून मला तो समजावला.

पेशी सारखी प्रथिने घडवत असते. त्यांतले बिघडलेले किंवा नकोसे झालेले प्रथिन मोडीत काढायचे असले, की त्याला चिमुकल्या प्रथिनांची एक माळ चिकटवतात. माळेतला एकेक मणी 76 अमिनो आम्लांचा. तो जिकडे तिकडे सापडतो म्हणून त्याचे नाव युबिक्विटिन, म्हणजे सर्वव्यापी. नाव ठेवणाऱ्याने विष्णुसहस्रनाम ऐकले असावे, असे मला उगीचच वाटते. ही खुणेची पद्धत शोधणाऱ्या सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खूण लागलेला माल प्रोटिअसोम नावाच्या पिंपात जातो. चार बांगड्या एकावर एक रचाव्यात तसे हे पिंप. प्रत्येक बांगडीत सात तुकडे, आणि पोटात सुऱ्या.

इथवर नुसती झाडलोट झाली. खरी गंमत पुढेच आहे. त्या कपट्यांपैकी काही, आठ-दहा अमिनो आम्लांचे, पेशी आपल्या दारावरच्या पाटीला अडकवून ठेवते. टी-पेशी नावाचे पहारेकरी दारोदार हिंडून ते वाचतात. घरचाच कपटा असला तर पुढे जातात; विषाणूचा दिसला तर ती पेशीच मारून टाकतात. पाटी आपल्या घरची आणि कपटा परक्याचा, असे दोन्ही मिळून पहारेकरी वाचतो, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी कॅनबेरात ओळखले, 1974 च्या सुमारास. घरात न शिरता केवळ रद्दीवरून आत कोण राहते हे ओळखायचे! शिवाय संसर्गाची हाक, म्हणजे इंटरफेरॉन, पोचला की पेशी पिंपातल्या तीन सुऱ्या बदलते. नव्या सुऱ्यांनी कापलेले कपटे पाटीवर अधिक चांगले बसतात.

विषाणूही काही कमी नाहीत. सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा एक विषाणू तर दारावरची पाटीच उपटून त्याच पिंपात लोटतो. मग 'पाटी का नाही?' असा संशय घेणारे निराळे पहारेकरी शरीराने ठेवले आहेत. पोलिसी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी इथे शिकवणी लावावी.

अक्काचे औषध हे पिंप तुंबवते. मायलोमाच्या पेशी प्रथिनांचे ढीग घालत असतात, म्हणून तुंबलेल्या रद्दीत त्या आधी गुदमरतात. पण तुंबणे तेवढ्यावर थांबत नाही. पहाराही ढिला पडतो. आणि लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू खरे तर गेलेलाच नसतो. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजलेला असतो, आणि पहारा ढिला पडला की नागीण होऊन उठतो. गोळ्या त्यासाठी.

हे सगळे मी अक्काला सांगितले. कांजिण्यांत तिला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवले होते, ते तिला अजून आठवते.

"म्हणजे तो पाहुणा इतकी वर्षे घरातच आहे होय रे?" ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला मागितला.

आजवर सोळा इंजेक्शने झाली. नागीण उठलेली नाही. पुढची रक्ततपासणी भाऊबीज झाल्यावरच, असे तिने डॉक्टरांकडून कबूल करून घेतले आहे.