गोव्याचे नव्हे, नंदाखालचे

वडोदऱ्यात माझं ख्रिस्ती नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "तमे गोवाना?" वसईचा म्हटलं, घरी मराठी बोलतो म्हटलं, की समोरचा गोंधळतो. गुजराती शेजाऱ्याचं मला काही वाटत नाही. दांडिया बाजारातली मराठी माणसंही तेच विचारतात, ते लागतं. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली हे त्यांना तोंडपाठ; त्या किल्ल्याभोवतीच्या गावांत आम्ही मराठी ख्रिस्ती तेव्हाही होतो, हे ठाऊक नसतं. २०१८ चं साहित्य संमेलन वडोदऱ्यातच भरलं. दोन वर्षांनी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईतल्या आमच्या नंदाखालचे.

वडोदऱ्यातल्या लोकांना मी नरसिंहजीच्या पोळीचं, म्हणजे इथल्या एका जुन्या मोहल्ल्याचं, उदाहरण देतो. पोळीला देवाचं नाव, कार्तिकात तुळशीच्या लग्नाला देवाचा वरघोडा, म्हणजे वरात, निघणार, आणि त्या दिवशी पोळ सोडून गेलेली कुटुंबंही हजर. पोळीची हद्द नकाशात शोधावी लागत नाही; कोणाच्या घरी बाळ झालं, कोण आजारी आहे, हे जिथवर कळतं तिथवर पोळ. आमच्याकडे हेच काम चर्च करतं. आळीच्या तोंडाशी क्रूस, संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती, लाल लुगड्यातल्या आज्या सामवेदी बोलीत गप्पा मारत उभ्या. गाव कुठलं विचारलं तर माणूस आधी आपलं चर्च सांगतो. फरक इतकाच की पोळीला दरवाजा असतो आणि आमच्याकडे केळीच्या बागा असायच्या.

२००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदांबरोबर आमची गावंही नव्या महापालिकेत घातली. लोक रस्त्यावर उतरले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पालिका आली की रस्ते, पाणी येतं, हे वडोदऱ्यात राहून मी नाकारू शकत नाही. तरी गावकऱ्यांचंच बरोबर होतं. बागायतीवर जगणाऱ्या गावाला बिल्डरच्या सोयीचे नियम लावले की आधी विहीर जाते, मग वाडी.

ज्यांना आमचं हे गावपण डोळ्यांनी पाहायचंय त्यांनी कार्तिक वद्य एकादशीला वसईतल्या निर्मळची जत्रा गाठावी. टेकडीवर शंकराचार्यांची समाधी, जवळच चर्च, आणि जत्रेला दोन्हीकडची माणसं. वडोदऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वसई रोडला थांबतात. तिथून विरार लोकलने पुढचंच स्टेशन नालासोपारा. पश्चिमेला उतरून रिक्षा करा. सुकेळी जरूर घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती तांबूस, चिकट, आतून मऊ होतात. बोटाने दाबून पाहा. कडक लागली तर घेऊ नका.