दोन ओळी आणि एक सही

चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाली नाही, याचं दुःख केव्हाच विरलं. पण आपण केलेलं काम आपण केलं, एवढंच लिहून मिळावं म्हणून जे उंबरठे झिजवावे लागले, ते आठवलं की आजही अंगाची लाही होते.

शिष्यवृत्तीबद्दल बहुतेकांना माहीत असतं. ब्रिटनचं परराष्ट्र खातं ती १९८३पासून देतं. फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट, एक वर्षाचं मास्टर्स आणि नंतर किमान दोन वर्षं मायदेशी परत. अनुभवाची अट दोन वर्षांची, पण ती तासांत मोजतात: २,८०० तास. माझ्या वेळी अर्ज ऑगस्टमध्ये सुरू झाले, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद. चार निबंध लिहायचे, त्यातला पहिला नेतृत्वावर. मी क्रॅनफिल्ड आणि लीड्सचे पाणी-स्वच्छतेचे अभ्यासक्रम निवडले होते.

मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात पाण्याच्या गुणवत्तेचं काम करत होते. जलजीवन मिशन २०१९मध्ये आलं आणि दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. ते शिकवणाऱ्यांपैकी मी एक. आमच्याकडे फ्लोराइडचा त्रास. पाणी नितळ, चवीला चांगलं, आणि पोरांचे दात पिवळे-तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे-पाठ आखडलेले. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं की ते पाणी पिऊ नये, एवढं साधं गणित. पण डोळ्यांना काही दिसत नाही, तर लोकांनी विश्वास ठेवावा कसा? जंतू तपासायची बाटली मात्र बोलते. नमुना भरून उबेला ठेवला आणि पाणी काळं पडलं, म्हणजे त्यात मैला मिसळतोय. एका गावातल्या मावशींनी ती काळी बाटली थेट ग्रामसभेत सरपंचांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘हे तुमच्या घरी प्या.’ नेतृत्वाच्या निबंधात मी हेच लिहिलं.

अर्जात कामाचे तास आपले आपणच भरायचे असतात. ते भरताना मला कुणी अडवलं नाही. फेब्रुवारीत मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्याबरोबर दोन शिफारसपत्रं मागितली गेली. एक लगेच मिळालं. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ मॅडमनी त्याच संध्याकाळी लिहून दिलं. दुसरं माझ्या कार्यालयातल्या साहेबांचं असावं, असं मला वाटत होतं, कारण माझं सगळं काम त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. गावोगावचे माझे अहवाल त्यांच्याच सहीने वर गेले होते.

साहेब म्हणाले, ‘तुम्ही आमच्या कर्मचारी नाहीच. एजन्सीकडून घ्या.’

हे कागदोपत्री खरं होतं. मी बाह्ययंत्रणेमार्फत होते. करार अकरा महिन्यांचा, मग थोडा खंड, मग पुन्हा नवा करार. एजन्सीचं ऑफिस नागपूरला. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘ताई, आम्ही फक्त पगार काढतो. तुम्ही काय काम करता हे आम्हाला कसं माहीत असणार? जिथं काम करता त्यांचं पत्र आणा, मग आम्ही देतो.’ मी परत आले. आस्थापना शाखेतल्या बाबूंनी सांगितलं, आधी एजन्सीचं पत्र आणा, मग टिपणी ठेवू. मी विचारलं, ‘मग पहिलं पत्र कुणी द्यायचं?’ त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर काढले. साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आहे. साहेब दौऱ्यावर आहे. मार्च एंड जवळ आला, उपयोगिता प्रमाणपत्रं चाललीत, उद्या या ना मॅडम. पत्राचा मसुदा मीच करून नेला होता, एका पानाचा, त्यात कौतुकाचं विशेषण एकही नव्हतं. कोणत्या तारखेपासून, कोणत्या तालुक्यांत, कोणतं काम. साहेबांनी तो एकदाच वाचला, पेन हातात घेतलं आणि ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ या शब्दांवर थांबले. पेन परत खिशात गेलं. ‘हे आम्हाला अंगाशी येईल,’ एवढंच म्हणाले. त्या पेनाकडे मी किती आशेनं पाहत होते, हे त्यांना दिसत नव्हतं असं मी मानणार नाही.

‘अंगाशी येईल’ म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. कंत्राटी माणसाला थेट कार्यालयाचं अनुभवपत्र दिलं की तो ते घेऊन न्यायालयात जातो आणि कायम करा म्हणतो, ही भीती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ साली उमादेवी खटल्यात सांगितलं, की भरतीच्या रीतसर प्रक्रियेबाहेर घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तरी प्रकरणं चालूच असतात आणि खुलासे अधिकाऱ्यालाच द्यावे लागतात. हे कळल्यावर साहेबांवरचा माझा राग ओसरायला हवा होता. थोडा ओसरलाही. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मग ती प्रयोगशाळेतली बाई? त्यांनाही नोकरी होती, वर साहेब होते. त्यांनी दिलं. म्हणजे देता येत होतं. आणि मी पुन्हा पहिल्याइतकीच चिडते.

शेवटी आधीचे उपअभियंता, जे तोवर निवृत्त झाले होते, त्यांनी दिलं. साध्या कागदावर स्वतःचं नाव-पत्ता लिहून. माझ्या कामातली एक चूकही त्यांनी त्यात लिहिली होती आणि ती मी नंतर कशी सुधारली तेही. असं पत्र मी पुन्हा पाहिलेलं नाही.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. अर्ध्या तासाची. समोरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढे ‘निवड नाही’ अशी मेल आली. निवड का झाली नाही, हे मला नीट कळतं: वर्षभर शिकून आल्यावर नेमकं काय बदलणार, याचं माझं उत्तर पातळ होतं.

अर्ज करणाऱ्यांना एक सांगते. निबंध पैसे देऊन कुणाकडून लिहून घेऊ नका. मुलाखतीत उसनी भाषा दोन मिनिटांत उघडी पडते. आणि कंत्राटी असाल तर प्रत्येक करार, हजेरीपट, दौऱ्याचा आदेश, आपल्या नावाचा एकेक ईमेल आजपासून जपून ठेवा. आमच्याकडे काम करणाऱ्या बहुतेक मुली एजन्सीमार्फतच आहेत. शिष्यवृत्ती सोडा, दुसऱ्या नोकरीलाही त्यांना हेच पत्र लागतं.

जे सही करण्याच्या खुर्चीत आहेत त्यांना माझी विनंती आहे. भीती वाटत असेल तर पत्रात ‘अमुक एजन्सीमार्फत’ असं स्पष्ट लिहा, ‘यावरून नियुक्तीचा कोणताही हक्क पोहोचत नाही’ असं खाली घाला, जावक क्रमांक टाका. पण त्या मुलीने तुमच्यासाठी काय काम केलं, ते लिहून द्या, आणि तिने मागितलं त्याच आठवड्यात द्या.