‘समाधानकारक’ म्हणजे किती?

सोलापूर

चि. राणीस,


टॉवेलच्या कारखानदाराने पाठवलेला कराराचा मसुदा वाचला. दीड पानाचा आहे. त्यात गुप्ततेवर पाच कलमं आहेत आणि पैशांवर एकच ओळ : ‘काम समाधानकारक झाल्यावर बिल अदा केले जाईल.’ एवढ्यावर सही करू नकोस.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत टॉवेल कसा तपासतात, हे तू लहानपणापासून पाहिलंस. लांबी-रुंदी मोजतात, वजन करतात, कडा बघतात, सुटलेला धागा हाताला लागतो का ते पाहतात, मग माल पास. तुझ्यासारख्या फ्रीलान्स डेटा विश्लेषकाच्या कामाला असा तराजू नसतो. विक्रीचा डॅशबोर्ड दिला की मालक म्हणतो, ‘हैदराबादचं वेगळं दाखवा की.’ पुढच्या खेपेला महिन्याऐवजी आठवड्याचे आकडे हवे असतात, मग त्यात सुताचा दरही जोडायचा असतो. मागणी दर वेळी छोटीच असते, नाही म्हणायला जड जातं, आणि बिल तिथंच पडून राहतं.

म्हणून तराजू करारातच बसवावा लागतो. कोणत्या वर्षांची विक्री, किती फाइली, किती अहवाल, ते लिहायचं. दोन दुरुस्त्या ठरलेल्या पैशांत, तिसरीपासून तासाचा दर. डेटा साफ करण्याचे पैसे वेगळे. एकाच गिऱ्हाइकाचं नाव वहीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि ते जुळवण्यात विश्लेषकाचे दिवस जातात.

काम पोचल्याची तारीख ईमेलवर असू दे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात या तारखेला फार वजन आहे. काम पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. करारात मुदत कितीही लिहिली तरी स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. लहान पुरवठादारासाठी यापेक्षा धारदार तरतूद मला तरी माहीत नाही, आणि ती न वापरणारी हुशार मुलं पाहून जीव तुटतो.

‘करारानंतर दोन वर्षं दुसऱ्या कापड कारखान्याचं काम करू नये’ हे मसुद्यातलं कलम काढायला सांग. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून दुसऱ्या रेयॉन कारखान्यात गेला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची बंदी उचलून धरली, कारण ती कराराच्या मुदतीपुरती होती. मुदतीनंतरची बंदी साधारणपणे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही.

तुझ्या कोडच्या मालकीचंही बघ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नोकरदाराने लिहिलेला कोड मालकाचा होतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा त्याचाच राहतो, लेखी हस्तांतर केलं नाही तोवर. कारखान्याचे आकडे मात्र कारखान्याचेच. काम संपल्यावर ते लॅपटॉपवरून पुसून टाकायचे, हे तू स्वतःहून करारात घाल.

२००६ च्या त्या कायद्याचा आधार मिळावा म्हणून उद्यम नोंदणी करायची; ती ऑनलाइन होते, फुकट आहे. ती आधी कर. प्रमाणपत्रावरची तारीख करारावरच्या तारखेच्या आधीची हवी. मसुद्यावर पेन्सिलने खुणा करून सोबत पाठवतो आहे. दुसऱ्या पानावरची चौकट तुझ्या दरासाठी मोकळी ठेवली आहे, ती तूच भर.

तुझा,
मामा