हयातीचा दाखला

कोषागारात माझी तेहतीस वर्षे गेली. लिपिक म्हणून लागलो, अधिकारी म्हणून सुटलो. देयकातली चूक शोधून ते आक्षेपासह परत पाठवायचे, यात मला एक गुप्त आनंद मिळे. सरकारी पैसा माझ्याच खिशातला आहे, अशा थाटात मी वागत असे. निवृत्त झालो, तरी तो थाट काही सुटला नाही.

28 जून 2024 रोजी राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. बाईमागे महिना 1500 रुपये, वर्षाला 46 हजार कोटी. निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती. मी टीव्हीसमोर मोठ्याने हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या कट्ट्यावर या बायकांसाठी एक शब्द वापरला: 'फुकट्या'. तो तिथे रूढ झाला. आज लिहिताना लाज वाटते, पण शब्द माझाच होता.

आकड्यांत मी चुकत नव्हतो. मार्च 2025 मध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प आला, त्यात महसुली तूट 45,891 कोटींची आणि डोक्यावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे. योजनेची तरतूद 36 हजार कोटींवर उतरली. प्रचारात कबूल केलेल्या 2100 रुपयांचा त्यात पत्ता नव्हता. जूनअखेर 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मी प्रत्येक आकडा कट्ट्यावर वाचून दाखवायचो आणि शेवटी बोट त्या बायकांकडेच वळवायचो. आकडे बरोबर होते, पण बोट चुकीचे होते. ते कळायला नोव्हेंबर यावा लागला.

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा महिना. आपण जिवंत आहोत, हे दरवर्षी कळवावे लागते. मी तालुक्याच्या सेवा केंद्रात गेलो, तर तिथे बायकांची ही गर्दी. लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली होती. मनात म्हटले, या इथेही आडव्या आल्या.

माझा नंबर आला, पण यंत्र माझा अंगठा घेईना. दोनदा, तीनदा. शेजारी पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती. पदराचे टोक पुढे करून म्हणाली, "बोट पुसून घ्या, काका. रेशनच्या मशीनवर आमचं बी असंच होतंय." पुसले. ठसा लागला. मी हयात ठरलो.

तिचे मात्र अडले. केंद्रातला मुलगा नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागत होता. दोघेही वारलेले. नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती. मुलगा म्हणाला, "मावशी, मृत्यूचा दाखला अंगणवाडीच्या ताईंकडे द्या." ती काही बोलली नाही. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून उलगडला आणि पुन्हा घडी घालून ठेवला. दाखला तिने आधीच आणलेला होता.

मी आपण जिवंत असल्याचे दाखवायला आलो होतो. ती नवरा मेल्याचे.

बाहेर पायरीवर तिने विचारले, "तुम्हाला किती येतेत, काका?" मला आकडा तोंडातून काढवेना. "येतात थोडे," म्हणालो. तेहतीस वर्षे एका पैशाची तफावत खपवून न घेतलेला माणूस धडधडीत खोटे बोलला. ती म्हणाली, "दर महिन्याला? न चुकता?" तिच्या आवाजात हेवा नव्हता, नुसते कुतूहल होते. पाऊस वेळेवर पडतो का, असे विचारावे तसे.

त्या रात्री झोप आली नाही. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याजावर जातो, हे मी कित्येकदा वाचले होते. त्यातल्या मधल्या शब्दात मी बसतो, हे कधी मनात आणले नव्हते. जुनी पेन्शन माझी. तिच्यासाठी माझ्या पगारातून कधी काही कापले गेले नाही. ते माझ्या नोकरीचे मोल, हे खरेच. पण त्या बाईने जन्मभर कापूस वेचला, खुरपणी केली. तिच्या कामाचे सेवापुस्तक कुणी उघडले नाही, एवढाच फरक. पगारातून व्यवसायकराचे दोनशे रुपये जात, त्यावरही मी वर्षानुवर्षे कुरकुरलो. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठी लावला गेला, हे मला तोंडपाठ होते. त्यामागचा विचार मात्र कधी मनाला शिवला नाही.

तरीही मी योजनेचा भक्त झालेलो नाही. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात 75,286 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, तेव्हा पोटात गोळा आलाच. मार्चमध्ये अर्थसंकल्प प्रामाणिकपणे लिहिला, तर वर्षातून दोनदा एवढी ठिगळे लागत नाहीत. निवडणुकीआधी अर्ज न पाहता पैसे वाटायचे आणि निवडणूक झाल्यावर 26 लाखांवर नावे संशयित ठरवायची, हा दोष सरकारच्या लिहिण्याचा आहे. पायरीवर बसलेल्या बाईचा नाही. येत्या मार्चमध्येही मी तूट मोजेन, कर्ज मोजेन. "यांना कशाला?" असे मात्र विचारणार नाही. "किती वर्षे, कुठून आणि न चुकता का?" असे विचारेन. शेवटचा प्रश्न तिचा आहे.

परवा कट्ट्यावर कुणीतरी पुन्हा 'फुकट्या' म्हणाले आणि दाद मिळेल म्हणून माझ्याकडे पाहिले. बोलायला खूप होते. मी एवढेच विचारले, "तुमचा हयातीचा दाखला दिलात का हो?"