विचारपूस

मराठीत 'चौकशी' आणि 'विचारपूस' असे दोन शब्द आहेत. कोशात त्यांचे अर्थ एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. व्यवहारात मात्र त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. चौकशी माहितीसाठी होते, विचारपूस माणसासाठी. चौकशी करणारा उत्तर मिळताच उठून जातो. विचारपूस करणारा उत्तर ऐकल्यावर जरा सावरून बसतो. आपल्या परिचयातील एखाद्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत असावेत अशी शंका आली, तर आपले कर्तव्य काय, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला हे दोन शब्द आठवतात. विषय अप्रिय आहे. घरातील लहानथोर सारे वाचतात त्या मासिकात तो कशाला, असेही कोणास वाटेल. परंतु हे दुःख घरातच उगवते आणि घरातच लपविले जाते. म्हणून त्याविषयी घरातच बोलले गेले पाहिजे, असे मला वाटते.

आमचा आदिलाबाद जिल्हा हा पैनगंगेकाठचा, काळ्या मातीचा, कापसाचा मुलूख. राज्यपुनर्रचनेत १९५६ साली किनवट आणि राजुरा हे भाग या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. सीमा कागदावर सरकली, सोयरीक मात्र होती तेथेच राहिली. बेला, जैनथ या बाजूच्या कितीतरी घरांच्या लेकी यवतमाळ जिल्ह्यात नांदतात आणि तिकडच्या सुना इकडे आहेत. त्यामुळे नदीपलीकडचे पीक बुडाले की इकडच्या ओसरीवरही सुस्कारा उमटतो. त्याच यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह या जगाचा निरोप घेतला. ते काही अज्ञात, एकाकी गृहस्थ नव्हते. गावचे सरपंचपद त्यांनी भूषविले होते. भजनाची आणि संगीताची त्यांना आवड होती. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा निघाली की आजही या घटनेपासून सुरुवात केली जाते.

अशा प्रसंगानंतर चौकशीला तोटा नसतो. पोलीस येतात, तलाठी येतो, वार्ताहर येतात, दूरचे नातलग येतात. कर्ज किती होते, भांडण कोणाशी झाले होते, आदल्या रात्री जेवण काय झाले होते, येथवर प्रश्न विचारले जातात. आणि बहुधा एखादे एकच कारण शोधून सारे समाधान पावतात. वस्तुतः असा निर्णय कधीही एका कारणाने होत नाही. कर्ज, नापिकी, व्यसन, आजार, अपमान, ओळखू न आलेले नैराश्य, अशी अनेक ओझी एकावर एक साचत जातात आणि शेवटचे ओझे तेवढे लोकांना दिसते. याचा एक चांगला अर्थही आहे. ओझी अनेक असतील तर त्यांपैकी एखादे उतरविण्याचे सामर्थ्य आपल्यासारख्या सामान्य माणसातही असू शकते.

शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे मला या संदर्भात साने गुरुजींची आठवण टाळता येत नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, १९४८ साली 'साधना' साप्ताहिक सुरू केले. असे हे मातृहृदयी गुरुजी ११ जून १९५० रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी आपल्या हाताने जीवनयात्रा संपवून गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा जन्म सविस्तर असतो. मृत्यू एका तारखेत उरकला जातो. त्यांच्या मनात अखेरीस काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु एक गोष्ट मी वर्गात शिकवताना नेहमी सांगतो. ज्याच्या हळवेपणाचे आपण कौतुक करतो, त्यालाही कोणी जवळ बसून विचारावे लागते. दुसऱ्यांचे अश्रू पुसणारा स्वतः सुखी असेलच असे गृहीत धरू नये. आणि असा मृत्यू भेकडाचा असतो, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्यही खरे नाही. ज्या गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणास लावून उपोषण केले, त्यांना भेकड कोण म्हणेल?

आता प्रश्न असा की ओळखावे कसे? मरणाची भाषा बोलणारा प्रत्यक्षात काही करीत नाही, अशी एक समजूत रूढ आहे. तिच्यावर विसंबू नये. 'आता माझा काय उपयोग', 'मी नसलो तर तुमची कटकट मिटेल', अशी वाक्ये वैतागाची म्हणून सोडून देण्याजोगी नसतात. याखेरीज न बोलताही माणूस पुष्कळ सांगत असतो. झोप उडते, जेवणावरची वासना जाते, नेहमीच्या पारावर बसणे थांबते, पिणे वाढते. आवडीची वस्तू कोणालातरी देऊन टाकली जाते. देणीघेणी एकाएकी लिहून ठेवली जातात. कित्येक दिवसांच्या तगमगीनंतर अचानक आलेली शांतताही घरच्यांनी थोडी संशयाने पाहावी. यांपैकी एखादे चिन्ह दिसले म्हणजे अनर्थ होणारच असे नव्हे. पण विचारण्याची वेळ आली आहे, एवढे निश्चित.

विचारायचे ते सरळ विचारावे. येथेच आपली भीड आड येते. आपण नाव घेतले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी ती निराधार ठरविली आहे. ज्याच्या मनात तो विचार नसतो तो सहज 'नाही' म्हणतो. ज्याच्या मनात असतो त्याला, हे बोलता येते तर, असा आधार वाटतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील दहावीच्या एका मुलाविषयी वर्गशिक्षिका बाई माझ्याकडे आल्या. मुलगा अबोल झाला होता. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसत असे. आणि आपली कंपासपेटी व नकाशावही त्याने खालच्या वर्गातील मुलाला देऊन टाकली होती. शेवटची गोष्ट बाईंना खटकली. शाळा सुटल्यावर मी त्याला व्हरांड्यात बोलावले. पाणी दिले. कापसाची वेचणी कोठवर आली, वगैरे बोलणे झाले. मग विचारले, "बाळ, तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?" तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "येतात, सर. पण घरी सांगू नका."

"ते वचन मी तुला देणार नाही," मी म्हणालो. "पण तुझ्या पाठीमागेही काही करणार नाही. आपण दोघे मिळून सांगू."

गुप्ततेचे वचन हा या कर्तव्यातील सर्वांत अवघड भाग होय. मागणारा कळवळून मागतो आणि नाही म्हटले तर विश्वास तुटेल असे वाटते. तरीही ते देऊ नये. जीव वाचण्यासाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांना सांगावे, आणि ज्यांना नको त्या कोणालाही सांगू नये. त्या संध्याकाळी मी मुलासोबत त्याच्या घरी गेलो. त्याची आई वऱ्हाडाकडची. ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "पोरगं मुकं झालं होतं, आमाले वाटलं अभ्यासाचं टेन्शन असन." वडिलांचा चेहरा मात्र पांढरा पडला. सावकाराचे आणि आडत्याचे देणे त्या घरात रोज रात्री मोठ्याने मोजले जात असे, आणि अंथरुणावर जागा असलेला मुलगा त्या बेरजेत स्वतःच्या शिक्षणाचा खर्च मिळवीत असे. त्या रात्री आम्ही कोणी उपदेश केला नाही. 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात', 'आईबापांचा तरी विचार कर', ही वाक्ये आधीच अपराधी वाटणाऱ्या मनावर आणखी एक धोंडा ठेवतात. आम्ही ऐकले, आणि त्याला एकटे सोडायचे नाही, एवढे ठरविले.

निघताना मी वडिलांना बाजूस घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. फवारणीच्या विषाला आपण शेतात 'औषध' म्हणतो आणि ते घरात धान्याच्या पोत्याशेजारी ठेवतो. ते त्याच रात्री घराबाहेर, कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात गेले पाहिजे. मनात ठरलेलेच असेल तर कुलपाने काय होणार, असे पुष्कळांना वाटते. पण मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा काही काळाची असते. साधन हाताशी नसले तर ती ओसरते, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. माणसांची दुःखे काही नाहीशी झाली नव्हती. ऊर्मीच्या क्षणी हाताशी येणारे विष मात्र कमी झाले होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला वडिलांसह आम्ही सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांनी या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली मुले व्यवहारापुरती तेलुगू उत्तम बोलतात. पण दुःख मातृभाषेतच फुटते. डॉक्टरांना मराठी येत नसेल तर दुभाष्या म्हणून विश्वासातील एकाने सोबत बसावे, आणि आपल्याकडून भर न घालता, गाळणी न लावता, रुग्णाचे शब्द तसेच पोचवावेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठी आणि तेलुगू यांसह अनेक भाषांत बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर मात्र दूरध्वनीवर समाधान न मानता १०८ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या लचांडाला भिऊन कोणी वेळ दवडू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची तजवीज सरकारने करावी, असे तो सांगतो. प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार ठरविणारे जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलमही १ जुलै २०२४ रोजी त्या संहितेबरोबर गेले.

हे सारे तज्ज्ञांचे काम, आपण खेडवळ माणसांनी काय करायचे, असे म्हणणाऱ्यांसाठी अमरावती जिल्ह्याचे उदाहरण आहे. तेथील तीस खेड्यांत गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या मार्गदर्शनाखाली 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठविले. ते लोकांशी बोलत, धीर देत आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे पोचवीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि मनात आत्महत्येचे विचार येत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. ही आकडेवारी कापूस पिकविणाऱ्या, कर्ज काढणाऱ्या, आपल्यासारख्याच मराठी बोलणाऱ्या गावांची आहे.

आम्हा शिक्षकांवर एक जास्तीची जबाबदारी असते, ती निकालाच्या दिवसाची. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणाच्या इंटरमिजिएट परीक्षेचे निकाल लागले, त्यात चुका निघाल्या, आणि त्या दिवसांत राज्यातील वीसहून अधिक मुलामुलींनी प्राण गमावले. पुढे फेरतपासणीत हजारावर विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. गुणपत्रिका दुरुस्त करता येते. म्हणून निकालाच्या दिवशी 'किती पडले?' याआधी 'जेवलास का?' हा प्रश्न घराघरात विचारला जावा. तो मुलगा त्या वर्षी परीक्षेला बसला. त्याला गुण किती मिळाले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो नंतरही अनेक महिने उपचार घेत होता, आणि बाई दर आठवड्याला त्याच्याशी दोन शब्द बोलत होत्या. हे काम एका संध्याकाळीत आटोपत नाही.

शेवटी एक सांगणे आहे. सर्व काही करूनही कधीकधी माणूस हातातून निसटतो. अशा वेळी त्या घराकडे बोट दाखवू नये. आपल्या समाजात अशा घरी लोक दहाव्याला जातात आणि तेराव्यानंतर रस्ता बदलतात. त्या घरातील विधवेला, त्या भावंडांना त्यानंतरच माणसांची खरी गरज असते, आणि पुढचा धोकाही पुष्कळदा तेथेच दबा धरून असतो. चौकशीचे लोक परत गेले की आपण जावे. चहा घ्यावा, गेलेल्याचे नाव उच्चारावे, थोडे बसावे.