नेकारकाठचे बिऱ्हाड

परगावी बिऱ्हाड थाटायचे म्हणजे आधी दूधवाला ठरवावा, मग कामवाली, असा आपला रिवाज. एका सत्रापुरता मराठी शिकवायला मी जर्मनीत हायडेलबर्गला गेलो, तेव्हा कळले की तेथे आधी नाव लावावे लागते! तेथल्या पत्त्यात बहुधा खोलीचा क्रमांक नसतोच. टपालवाला पेटीवरचे आडनाव पाहतो. ते नसेल तर पत्र परत. आणि बँक काय, विमा काय, सारे व्यवहार पत्रांनीच बोलतात!

घरमालकीणबाईंनी आमचे आडनाव तीनदा वदवून घेतले, ठळक अक्षरांत लिहिले आणि पेटीवर व घंटेशेजारी चिकटवले. चौथ्या दिवशी बँकेचे पाकीट आले. मजकूर रुक्ष, पण पाकीट माझ्या नावाचे!

रविवार मात्र खायला उठे. दुकाने बंद, रस्ते मुके. मग १७८८ साली पुरा झालेला जुना पूल ओलांडून तत्त्वज्ञांच्या वाटेवर जावे, खाली वाहणारी नेकार पाहावी आणि घरच्या गलबल्याची आठवण काढावी.

हे विद्यापीठ १३८६ सालचे. खंडोबाचा आणि धनगरांच्या ओव्यांचा ध्यास घेतलेले गुंथर सोंथायमर १९९२ साली निवर्तले, ते येथेच शिकवीत. त्या जर्मनाला आपल्या वाड्यावस्त्यांनी दारावर पाटी नसतानाही आपले म्हटले. मला मात्र बोटभर चिठ्ठी लागली. पण ती लागल्यावर, वाचकहो, 'आपण कोण?' असे त्या गावाने मला पुन्हा विचारले नाही.